'जय बाबा फेलुनाथ' आणि रहस्यपटाची कसोटी

रहस्यपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो : शेवट आधी ओळखता आला की नाही? ओळखता आला असेल तर चित्रपट फसला, नसेल तर जमला, असा निवाडा तो जिना उतरता उतरता देऊन मोकळा होतो. सत्यजित राय यांचा 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला तेव्हा शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी असाच निवाडा दिला. गुन्हेगार सुरुवातीलाच कळला, मग रहस्य उरले कुठे, असे त्यांचे म्हणणे. गृहस्थ रसिक होते, वाचकही चांगले होते. त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही; किंबहुना तो पूर्ण गांभीर्याने घेतला तरच या चित्रपटाचे वेगळेपण हाती लागते.

कथानक काशीत घडते. दुर्गापूजेचे दिवस. प्रदोष मित्र ऊर्फ फेलूदा हा कलकत्त्याचा खाजगी गुप्तहेर, त्याचा चुलतभाऊ तोपसे आणि 'जटायू' या टोपणनावाने साहसकथा लिहिणारे लालमोहन गांगुली हे तिघे सुट्टीसाठी तेथे आलेले आहेत. घोषाल या जुन्या बंगाली घराण्यातील गणेशाची एक छोटी, अत्यंत मौल्यवान मूर्ती नाहीशी होते आणि फेलूदाकडे तपास सोपवला जातो. मूर्तीवर डोळा आहे तो मगनलाल मेघराज या धनाढ्य व्यापाऱ्याचा. घाटावर मच्छलीबाबा नावाचा एक साधू भक्तांना माशाचे खवले वाटतो आहे. घोषालांच्या वाड्यात शशी पाल नावाचा वृद्ध मूर्तिकार दुर्गेची प्रतिमा रंगवतो आहे. घरातला लहानगा रुकू साहसकथांच्या नायकांत इतका गुंतलेला आहे की खरे आणि कल्पित यांतली सीमारेषा त्याने स्वतःपुरती पुसून टाकली आहे.

या सामग्रीतून 'गुन्हेगार कोण?' या जातीचा चित्रपट सहज निघाला असता. राय यांनी तो निघू दिला नाही, यामागे पूर्वानुभव होता. १९६७ साली त्यांनी शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीवर 'चिडियाखाना' केला. उत्तमकुमार ब्योमकेशच्या भूमिकेत होते. राय यांना त्यासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. पण स्वतः राय यांचे समाधान झाले नाही. या प्रकारात अखेरीस गुप्तहेराला सर्व संशयितांना बसवून लांबलचक उलगडा करावा लागतो. कादंबरीत वाचक तो उलगडा आपल्या गतीने वाचतो, मागची पाने चाळून ताडून पाहतो. पडद्यावर मात्र त्या वेळी चित्र थांबते आणि केवळ बोलणे उरते. पुढे फेलूदावरील 'सोनार केल्ला' (१९७४) या पहिल्या चित्रपटात त्यांनी दुष्टांचे चेहरे आधीच उघड केले, आणि 'जय बाबा फेलुनाथ'मध्ये तोच मार्ग अधिक आत्मविश्वासाने चोखाळला.

मूळ कादंबरी राय यांचीच. १९७५ च्या शारदीय 'देश'मध्ये ती प्रथम आली. फेलूदाच्या कथांचा निवेदक तोपसे असतो, त्यामुळे वाचकाला मुख्यत्वे तोपसेला दिसते तेवढेच दिसते. चित्रपटाने हे निवेदन बाजूला ठेवले. फेलूदा पडद्यावर येण्यापूर्वीच आपण घोषालांच्या वाड्यात असतो. शशी पाल रुकूला दुर्गेची आणि महिषासुराची कथा सांगताना ऐकतो, आणि मागोमाग मूर्तीचा सौदा करायला आलेला मगनलाल पाहतो. म्हणजे प्रेक्षकाला गुप्तहेरापेक्षा अधिक ठाऊक आहे. शेजारच्या गृहस्थांची तक्रार नेमकी इथे उगम पावते. पण या अदलाबदलीत काय गमावले आणि काय कमावले याचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

'कोण'चे रहस्य गेले, 'कुठे'चे मात्र राहिले. मूर्ती दुर्गेच्या वाहनाच्या, सिंहाच्या जबड्यात च्युइंगमने चिकटवून ठेवली होती, हे पुढे उघड होते. रुकूच्या कोड्यातला 'राजा' म्हणजे सिंह. ज्या प्रतिमेसमोर बसून म्हातारा मूर्तिकार पहिल्याच प्रसंगात कथा सांगत होता, तीच ही प्रतिमा. दिग्दर्शकाने काहीही लपवलेले नाही. जागा समोर होती, आपण देवीकडे पाहत होतो. शिवाय प्रतिमेचे विसर्जन व्हायचे आहे, म्हणजे दशमी जवळ येते तसतशी वेळ संपत जाते. एका धार्मिक विधीचे पंचांगच इथे घड्याळाचे काम करते, आणि ते अशा सहजतेने की पहिल्या पाहण्यात ही योजना ध्यानातही येत नाही.

तरीही चित्रपटाचा खरा गाभा या कोड्यात नाही. तो मगनलालच्या घरातील प्रसंगात आहे. उत्पल दत्त यांचा मगनलाल तक्क्याला टेकून बसलेला, बोलण्यात अगत्य, जटायूंना 'अंकल' म्हणणारा. तो सरबत मागवतो. जटायूंना त्यात विषाचा संशय येतो आणि मगनलालला त्याची मौज वाटते. तपास सोडून देण्यासाठी तो फेलूदाला पैसे देऊ करतो. फेलूदा नाकारतो. मग अर्जुन नावाच्या, वयाने थकलेल्या सुरीफेक्याला बोलावले जाते (कामू मुखर्जी यांची ही छोटी भूमिका विसरता येत नाही) आणि जटायूंना फळीसमोर उभे केले जाते. एकामागून एक सुऱ्या त्या गरीब लेखकाच्या अंगाभोवती येऊन रुततात. फेलूदाला बसून पाहावे लागते. त्याची बुद्धी, त्याचे निरीक्षण, त्याचा नावलौकिक यांतले काहीही त्या क्षणी उपयोगाचे नाही.

अपराधी कोण हे ठाऊक असल्यामुळेच हा प्रसंग इतका भीषण होतो. अपराधी अज्ञात असता तर आपण अर्जुनच्या हातात, मगनलालच्या नजरेत धागेदोरे शोधत बसलो असतो. इथे शोधायला काही नाही, म्हणून पाहावे लागते. जाता जाता नोंदवतो, की मघाचे गृहस्थ या वेळी खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसले होते. नंतर घाटावर फेलूदा सांगतो, की या अपमानाची भरपाई करीन, नाही तर हा व्यवसाय सोडून देईन. तेथून पुढे उत्कंठा माहितीची राहत नाही, मानाची होते. सौमित्र चॅटर्जी यांनी हा बदल आवाज न चढवता केला आहे. एरवी किंचित आत्मसंतुष्ट वाटणारा फेलूदा इथे प्रथमच लहान झालेला दिसतो.

फळीसमोर लेखकालाच उभे करावे, यातही एक खोच आहे. जटायू संकटांची विक्री करून पोट भरणारे गृहस्थ. त्यांच्या नायकाला सुऱ्या कधी लागत नाहीत. मराठी वाचकाला इथे बाबुराव अर्नाळकरांची आठवण व्हावी. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांच्या हजारांवर पुस्तकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली आणि आपल्या समीक्षेने त्या साऱ्यावर 'रंजनपर' अशी एक चिठ्ठी चिकटवून विषय संपवला. संतोष दत्त यांच्या जटायूंना राय हसतात खरे, पण तुच्छ लेखत नाहीत. तपासाची किल्ली ज्याच्याजवळ आहे तो रुकू अशाच पुस्तकांवर पोसलेला आहे, आणि ती पुस्तके ज्याने गांभीर्याने घेतली नसती त्याला मुलाचे कोडे उकललेच नसते. लोकप्रिय रहस्यकथेविषयीची इतकी समंजस भूमिका आपल्याकडे अद्याप विरळाच आढळते.

काशीविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. राय यांनी हे शहर यापूर्वी 'अपराजितो'त (१९५६) दाखवले होते : हरिहरचा घाटावरचा दिनक्रम, त्याचे मरण आणि त्या क्षणी आकाशात उठणारे कबुतरांचे थवे. त्या काशीत मृत्यू हा शहराच्या श्वासासारखा होता. 'जय बाबा फेलुनाथ'मधील काशी वेषांतराची आहे. साधू साधू नाही, यजमान यजमान नाही, आणि शेवटी गुप्तहेरही दुसऱ्याचे रूप घेऊन बसतो. रात्रीच्या गल्लीत शशी पालचा खून होतो तेव्हा मात्र जुनी काशी क्षणभर परत येते. सौमेंदु राय यांच्या छायाचित्रणात ती गल्ली ना पर्यटकाची आहे ना भाविकाची. घरी निघालेल्या एका दमलेल्या कारागिराची आहे.

मराठी माणसाला मात्र या काशीत थोडे परके वाटते. शिवराज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट येथे मराठी घराणी पिढ्यानपिढ्या नांदली. अहिल्याबाई, शिंदे, भोसले यांच्या नावांचे घाट गंगेवर उभे आहेत. चित्रपटातील काशी ही बंगाली काशी आहे. लॉज बंगाली, वाडा बंगाली, देवी बंगाली. खलनायक तेवढा मोडकी बंगाली बोलणारा, बाहेरचा. ज्या शहरात हिंदी बोलली जाते तेथे हिंदी वळणाने बोलणारा माणूस परका ठरावा ही गमतीची, आणि थोडी खटकणारीही, गोष्ट आहे. प्रत्येक प्रांताने आपापली काशी वसवली हे खरे. पण मगनलालच्या बोलीवर बंगाली प्रेक्षक जसा हसतो तसे आपल्याला हसता येत नाही.

शेवट ठाऊक असताना पाहण्याची रीत या शहराला नवी नाही, हेही लक्षात घ्यावे. चित्रपटातील पूजा ज्या दिवसांत चालली आहे, साधारण त्याच दिवसांत गंगेपलीकडे रामनगरची रामलीला महिनाभर रंगते. कित्येक प्रेक्षक 'रामचरितमानस' सोबत घेऊन बसतात आणि ओळीमागून ओळ ताडून पाहतात. रावण मरणार हे कुणाला कळायचे आहे? तेथे कसोटी घटनेची नसते, ती कशी घडवली याची असते. आपला कीर्तनाचा श्रोताही आख्यान पाठ असूनच येतो. रहस्यपटाला मात्र आपण ही सवलत देत नाही. त्याला एकदाच पाहायचे आणि टाकायचे असे ठरवून बसतो. जो रहस्यपट दुसऱ्यांदा पाहताना अधिक देतो त्याचे मोल पहिल्या दिवशीच्या निवाड्यात उतरतच नाही. 'जय बाबा फेलुनाथ' दुसऱ्या वेळी पाहताना पहिल्या प्रसंगातील मूर्तिकाराचा आवाज वेगळा ऐकू येतो, कारण त्याचे पुढे काय होणार हे आता आपल्याला ठाऊक असते.

हे सारे म्हटल्यावर चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. स्त्रिया जवळजवळ नाहीतच. दुर्गेच्या उत्सवावर उभ्या असलेल्या कथेत देवीखेरीज स्त्रीचा ठसा उमटू नये हे जाणवत राहते. तोपसेकडून निवेदन काढून घेतल्यावर त्याला करायला फारसे काही उरलेले नाही. आणि शेवट मला आजही पटत नाही. मच्छलीबाबाच्या वेषात बसलेला फेलूदा प्रकट होतो आणि मगनलालला भिंतीशी खिळवून त्याच्या अंगाभोवती पिस्तुलाच्या गोळ्या झाडतो. सुऱ्यांची फेड गोळ्यांनी. रचनेच्या दृष्टीने ही परतफेड नेमकी आहे, प्रेक्षागृहात टाळ्याही पडतात. पण घाबरलेल्या माणसाचे घामाघूम होणे पाहण्यात जो आनंद मगनलालला झाला होता, त्याच आनंदाचे आपण येथे वाटेकरी होतो, आणि राय यांनी याची जाणीव आपल्याला करून दिलेली नाही. फेलूदाने ज्याचा तिटकारा करावा तेच त्याने उचलले. बालप्रेक्षकाला कदाचित हे चालते. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण फळीसमोरच्या जटायूंना पाहून जे मूल भेदरले असेल, त्याला या गोळ्यांच्या वेळी नक्की काय वाटले असेल, हे कुणी त्याला विचारायला हवे होते.