वंशवृक्ष आणि समितीची वही : ओनायडाच्या नोंदी कशा वाचायच्या

मागच्या वेळी आपण कुलवृत्तांतांबद्दल बोललो होतो. त्यात एक मुद्दा अर्धवट राहिला होता. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बाप सापडतो, आजोबा सापडतात, खापरपणजोबासुद्धा सापडतात. आई मात्र ‘अमक्याची कन्या’ एवढ्यावर आटोपते. वही कोणाच्या हातात आहे त्यावर नोंदीत काय राहणार आणि काय गळणार ते ठरतं, इथपर्यंत आपण आलो होतो. आज त्याच प्रश्नाचं एक टोकाचं उदाहरण घेऊ. तिथे बापाचं नाव वहीत येण्याआधी समितीच्या बैठकीत ठरत होतं.

हे उदाहरण ओनायडा समाजाचं आहे. अमेरिका, न्यूयॉर्क राज्य, 1848. जॉन हम्फ्री नॉइज हा धर्मशास्त्र शिकलेला तरुण. पाप या जन्मातच संपू शकतं, माणूस इथेच परिपूर्ण होऊ शकतो, असं तो मानायचा. मग परिपूर्ण माणसांना ‘माझं-तुझं’ कशाला हवं? पैसा सामायिक, घर सामायिक, काम सामायिक आणि विवाहही सामायिक. समाजातला प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा पती, अशी ती कल्पना. त्याला ते ‘संमिश्र विवाह’ म्हणत. आधी व्हरमाँटमधल्या पटनी गावी हा प्रकार सुरू झाला. 1847 साली नॉइजवर व्यभिचाराचा खटला आला तेव्हा तो तिथून निसटला आणि ओनायडाला नवा डाव मांडला. ऐन भरात तिथे तीनशेच्या आसपास माणसं एका प्रचंड विटांच्या वाड्यात राहत होती. जनावरं पकडायचे सापळे, रेशमी दोरा आणि पुढे काटे-चमचे विकून समाज चांगला श्रीमंतही झाला.

पहिली वीस वर्षं तिथे मुलं मुद्दामच फार होऊ दिली नाहीत. त्यामागे एक घरगुती दुःख आहे, ते सांगायला हवं. नॉइजच्या पत्नीला, हॅरिएटला, सहा वर्षांत पाच बाळंतपणं झाली आणि त्यातली चार मुलं गेली. त्यातून नॉइजने पुरुषांच्या संयमाची एक पद्धत काढली आणि ती सगळ्या समाजावर बंधनकारक केली. हा माणूस निव्वळ लबाड होता असं म्हणून आम्हांला मोकळं होता येत नाही ते यामुळे. बायकोचे हाल बघून त्याने काही केलं, आणि त्या काळात किती नवऱ्यांनी केलं?

मग 1869. डार्विन आणि गॉल्टन वाचून नॉइजने ठरवलं की आता मुलं होऊ द्यायची, पण निवडून. त्याला त्याने ‘स्टर्पिकल्चर’ असं नाव दिलं. लॅटिनमधल्या ‘स्टर्प्स’ म्हणजे खोड, वंश, या शब्दावरून. ‘युजेनिक्स’ हा शब्द गॉल्टनने 1883 साली काढला, म्हणजे नॉइजचा शब्द आधीचा. 53 तरुणींनी आणि 38 तरुणांनी सह्या करून स्वतःला या प्रयोगाच्या स्वाधीन केलं. तरुणींच्या कागदाचा आशय असा, की आम्ही आमच्या स्वतःच्या नाही, आधी देवाच्या आणि मग श्री. नॉइज यांच्या. या क्रमात आईबाप कुठे नाहीत. जोडप्यांनी अर्ज करायचा, किंवा वरून सुचवलं जायचं. सुरुवातीला निर्णय नॉइज आणि त्याच्या जवळचे ज्येष्ठ घेत, पुढे 1875 साली रीतसर समिती नेमली. दहा वर्षांत 58 मुलं जगात आली. त्यातली नऊ-दहा एकट्या नॉइजची. निकष आध्यात्मिक योग्यतेचा होता, आणि सगळ्यात योग्य कोण हे सांगायची गरज नाही.

आता वंशावळीकडे येऊ. सामान्य वंशवृक्षात एक जोडपं असतं, खाली फांद्या असतात. इथे कागदावर काढायला बसलात तर पंधरा मिनिटांत कागद भरून जातो. आम्ही बसलो होतो, म्हणून सांगतो. एका बाईची तीन मुलं, तिघांचे बाप वेगळे. त्यातल्या एका बापाची दुसऱ्या बाईपासूनची मुलं शेजारच्याच खोलीत. इंग्रजीत हे सगळे अंकल आणि कझिन, त्यामुळे गुंता दिसतच नाही. मराठीत नाती लिहायला घेतली की डोळे उघडतात.

टर्झा मिलरचंच घ्या. ती नॉइजच्या बहिणीची मुलगी, म्हणजे नॉइज तिचा मामा. नॉइजचा धाकटा भाऊ जॉर्ज वॉशिंग्टन नॉइज हाही अर्थातच मामा. टर्झाचा पहिला मुलगा, 1870 साली जन्मलेला जॉर्ज वॉलिंगफर्ड नॉइज, हा या धाकट्या मामापासूनचा. आपल्यापैकी जे कर्नाटकाच्या सीमेलगतचे आहेत त्यांना मामा-भाचीचं लग्न नवं नाही. पण तिथे लग्न असतं, दोन घरं असतात, पाहुणे येऊन जेवून जातात. इथे हेतू एकच होता : नॉइजांचं रक्त घट्ट करायचं. तक्त्यात मात्र एक सरळ रेघ, आई आणि बाप. ती रेघ का ओढली गेली ते तक्ता सांगत नाही.

ते टर्झाने सांगितलं आहे, स्वतःच्या टिपणांत. ती टिपणं 2000 साली रॉबर्ट फोगर्टी यांनी संपादित करून छापली. त्यात एडवर्ड इन्सली भेटतो. टर्झाला त्याच्यापासून मूल व्हावं हे वरच्या लोकांनीच ठरवलेलं. पण दोघं एकमेकांत गुंतत गेली, आणि ओनायडात सगळ्यात मोठा गुन्हा हाच होता : एकाच माणसावर जीव लावणं. दोघांना वेगळं केलं. तक्त्यात एडवर्ड ‘पिता’ या रकान्यात आहे, म्हणजे जणू सगळं रीतसर झालं.

आणि जे घडलंच नाही त्याला तर रकानाच नाही. व्हिक्टर हॉली नावाच्या तरुणाची रोजनिशीही फोगर्टी यांनीच आणली, 1994 मध्ये. त्याचं मेरी जोन्सवर प्रेम होतं आणि दोघांना मूल हवं होतं. परवानगी मिळाली नाही. मेरीला मूल ठरवून दिलं ते नॉइजच्या मुलापासून, थिओडोरपासून, आणि ते मृत जन्मलं. व्हिक्टर हे सगळं रोज लिहून ठेवत होता. आता सांगा, ओनायडाच्या वंशावळीत व्हिक्टर आणि मेरी ही जोडी कुठे दाखवाल? वंशवृक्ष फक्त झालेल्या जन्मांना ओळखतो. जाता जाता, राष्ट्राध्यक्ष गार्फिल्ड यांच्यावर 1881 साली गोळ्या झाडणारा चार्ल्स गिटो हा काही वर्षं ओनायडात होता. सभासदांच्या यादीत तो येतो, वंशवृक्षात येत नाही, कारण तिथे त्याला कोणी विचारलंच नाही. यादी आणि वृक्ष हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत, हे त्याच्यावरून चांगलं लक्षात राहतं.

आता आमची खरी तक्रार. 1921 साली न्यूयॉर्कला दुसरी आंतरराष्ट्रीय युजेनिक्स परिषद भरली. तिथे ओनायडाच्या प्रयोगावर एक निबंध सादर झाला, 1923 मध्ये तो छापला गेला. लेखक दोन : डॉक्टर हिल्डा हेरिक नॉइज आणि जॉर्ज वॉलिंगफर्ड नॉइज. हो, तोच, टर्झाचा मुलगा. प्रयोगातून जन्मलेला माणूस प्रयोगाचा अहवाल लिहितो आहे. निबंधाचं म्हणणं असं, की ही 58 मुलं दणकट निघाली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच कमी राहिलं, म्हणून निवडीचा उपयोग झाला.

आकडे खोटे आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण ‘म्हणून’ हा शब्द तिथे बसत नाही. ही मुलं कुठे वाढली? वाफेने ऊबदार ठेवलेल्या वाड्यात, भरपूर दूध-फळं, त्यांच्यासाठी वेगळा बालकविभाग, सांभाळायला नेमलेली माणसं, घरातच वैद्यकीय शिक्षण घेतलेला थिओडोर. त्यांची तुलना केली ती सगळ्या अमेरिकेशी. त्यात न्यूयॉर्कच्या चाळींत घटसर्पाने मेलेली पोरंही आली. तुलना करायचीच तर त्याच वाड्यात, तेच दूध पिऊन, पण समितीच्या परवानगीशिवाय जन्मलेल्या मुलांशी करायला हवी. तशीही काही मुलं होती. पण मूठभर मुलांवरून काय सिद्ध होणार? खरं तर 58 वरूनही फार काही होत नाही.

आणि दुसरी गोष्ट. त्या निबंधात आई म्हणजे आकडा आहे. मुलं अंगावरून सुटली की बालकविभागात जायची. आईने भेटायचं ते ठरलेल्या वेळी, आणि फार जीव लावला तर तिला सभेपुढे बसवून तिच्यातले दोष सांगितले जायचे. मुलींच्या बाहुल्यासुद्धा एकदा जाळल्या, मातृत्वाची ओढ लागू नये म्हणून. नॉइज आणि हॅरिएट वर्डनचा मुलगा पियरपॉन्ट याने 1937 साली आठवणी लिहिल्या. पुस्तक मायेने लिहिलेलं आहे, कडवट नाही. तरी आईकडे जाण्याच्या त्या थोड्या वेळाचं वर्णन वाचून आम्ही पुस्तक जरा वेळ बाजूला ठेवलं होतं.

आपण हे परदेशातलं म्हणून बघायचं कारण नाही. ना. सी. फडक्यांनी 1927 साली भारतात युजेनिक्सची चळवळ हवी म्हणून इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्या काळच्या सुधारकांना ‘उत्तम संतती’ हा शब्द स्वच्छ वाटत होता. समितीत कोण बसणार हा प्रश्न मागाहून आला.

1879 च्या जूनमध्ये अटकेच्या भीतीने नॉइज रातोरात कॅनडात गेला, ऑगस्टमध्ये संमिश्र विवाह बंद झाला. मग घाईघाईने लग्नं लागली. ज्यांच्या मुलांचा बाप आधीच दुसरीचा नवरा होता त्या बायकांचं काय? कायद्यापुढे त्यांची मुलं अनौरस. 1881 च्या पहिल्या दिवशी समाजाची भागभांडवलाची कंपनी झाली, वाटण्या झाल्या. पुढे याच पियरपॉन्टने ती कंपनी काट्या-चमच्यांसाठी जगभर नावाला आणली. आणि 1947 मध्ये कंपनीच्या वरिष्ठांनी जुने खासगी कागद, रोजनिश्या, पत्रं ट्रकभर नेऊन जाळली. बदनामी नको म्हणून.

या जाळण्याबद्दल अभ्यासक हळहळतात, आम्हीही हळहळतो. पण त्या दिवशी त्या टेबलाभोवती बसलेल्या माणसांच्या जागी बसून बघा. त्या कागदांत कोणाची तरी आई होती, तिची पाळी, तिच्या रात्री, तिचे नकार. आमच्यात यावर एकमत नाही. एक मत असं, की जाळणाऱ्यांनी स्वतःची लाज झाकली आणि नाव आईचं सांगितलं. दुसरं मत, की आधी समितीने वाचलं, मग परिषदेने वाचलं, आता तरी कोणी वाचू नये असं वाटण्याचा हक्क त्या घरांना होता. जे उरलं ते मुख्यतः जॉर्ज वॉलिंगफर्डने आयुष्यभर बसून नकलून ठेवल्यामुळे उरलं. त्याच्या टंकलिखित संचातला एक भाग लॉरेन्स फॉस्टर यांनी 2001 मध्ये छापला. ज्याच्या निबंधावर आम्ही आत्ता टीका केली त्याच्याच मेहनतीवर ही टीका उभी आहे, हेही नोंदवून ठेवतो.

तेव्हा ओनायडाचा वंशवृक्ष कोणी तुमच्यापुढे ठेवला तर त्याच्याशेजारी व्हिक्टरची रोजनिशी आणि टर्झाची टिपणं उघडून ठेवा. वृक्षातली एक एक रेघ घ्या आणि त्या दोन पुस्तकांत शोधा. बऱ्याच रेघा सापडणार नाहीत, ज्या सापडतील त्या जशा दिसतात तशा नाहीत हे कळेल. आम्ही आतापर्यंत सात-आठच रेघा केल्या आहेत.

पुढच्या व्याख्यानात शेकर पंथ घेऊ. तिथे कोणी लग्नच करत नव्हतं, मुलं जन्माला घालत नव्हतं, आणि तरी त्यांच्या प्रत्येक वस्तीतल्या गटाला ते ‘कुटुंब’ म्हणत. 1850 च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, त्यामुळे एकेका नावाखाली शंभर-शंभर माणसं गडप झालेली आहेत. ती कशी शोधायची ते बघू. प्रश्न असतील तर आता विचारा.