तक्त्यात न मावलेले चार हजार रुपये

मराठीत ‘परीक्षण’ आणि ‘समीक्षा’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांतला फरक कामाचा आहे. परीक्षण नव्या पुस्तकाचं असतं. ते वाचून पुस्तक विकत घ्यावं की नाही एवढं ठरवता आलं तरी त्याचं काम झालं. समीक्षा पुस्तक जुनं झाल्यावरही होते. वीस वर्षांनी कुणीतरी ते पुन्हा उघडतं, तेव्हाची वाहवा कितपत खरी होती ते तपासतं आणि त्याला आपण ‘पुनर्मूल्यांकन’ असं भारदस्त नाव देतो. मोबाइल फोनबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात पहिला प्रकार उदंड आहे, दुसरा जवळजवळ नाहीच.

याचा सगळ्यात जास्त तोटा मधल्या किमतीचा फोन घेणाऱ्याला होतो. लाखभराचा फोन घेणारा कंटाळला की नवा घेऊ शकतो. अगदी स्वस्तातला घेणाऱ्यापुढे फारशी निवड नसते. दहा-वीस हजारांत घेणाऱ्याला मात्र तो चार-पाच वर्षं पुरवायचा असतो, आणि त्याच्यापुढे दिसायला सारखेच असे दोन फोन ठेवलेले असतात. ‘अमुक विरुद्ध तमुक’ हा लेखनप्रकार नेमका याच पट्ट्यात फोफावला.

घरातल्या आणि ओळखीतल्या लोकांना फोन निवडून देण्याचं काम गेली दहा-बारा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे या प्रकाराचं माझं वाचन दांडगं आहे. त्याची घडण ठरलेली असते. सुरुवातीला दोन्ही फोनांची थोडक्यात ओळख, मग तक्ता, मग तक्त्यातल्या प्रत्येक ओळीवर एक परिच्छेद, आणि शेवटी निकाल: कॅमेरा हवा असेल तर हा, बॅटरी हवी असेल तर तो. निवेदकाने फोन वापरलेला असतो आठवडाभर, फार तर पंधरवडा. तरी तो वाचकाच्या पुढच्या पाच वर्षांबद्दल ठामपणे बोलतो. मराठीतल्या बहुतेक तुलनाही इंग्रजीतला हाच तक्ता उचलून ओळींची नावं तेवढी बदलतात.

हा लेखनप्रकार कितपत खरा ठरतो ते पाहायचं, तर एखादी जुनी जोडी पुन्हा उघडायला हवी. मी निवडलेली जोडी २०१७ची आहे: शाओमीचा रेडमी नोट ४ आणि लेनोव्होच्या मालकीच्या मोटोरोलाचा मोटो जी ५ प्लस. पहिला भारतात त्या वर्षी जानेवारीत आला, दुसरा मार्चमध्ये. जिओ सुरू होऊन काही महिनेच झाले होते, आणि एरवी इंटरनेटच्या वाटेला न गेलेली माणसं पहिल्यांदाच बरा फोन घ्यायला निघाली होती. त्या वर्षी मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न याच दोघांबद्दल होता.

तक्ता असा होता. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ६२५ हाच प्रोसेसर. दोन्हींचा पडदा फुल एचडी. नोट ४चा साडेपाच इंचांचा, जी ५ प्लसचा ५.२ इंचांचा. बॅटरी ४,१०० विरुद्ध ३,००० एमएएच. कॅमेरा १३ मेगापिक्सेल विरुद्ध १२, पण मोटोची भिंग जास्त उजेड घेणारी, एफ १.७ची. तीन जीबी रॅमचा नोट ४ होता १०,९९९ रुपयांना, जी ५ प्लस १४,९९९ला. चार जीबीचे अनुक्रमे १२,९९९ आणि १६,९९९. म्हणजे दोन्ही जोड्यांत फरक बरोबर चार हजारांचा, आणि वर साठवणीची जागा रेडमीत दुप्पट.

आधी प्रोसेसरचं पाहू. नोट ४च्या आधीच्या नोट ३मध्ये स्नॅपड्रॅगन ६५० होता. त्यात दोन वेगवान गाभे होते, तर ६२५मध्ये आठही गाभे साध्या जातीचे. वेगाच्या चाचण्यांत नवा फोन जुन्यापेक्षा मागे पडला आणि परीक्षकांनी ‘ही पीछेहाट आहे’ असं म्हटलं. आकड्यांपुरतं ते खरंच होतं. पण ६२५ चौदा नॅनोमीटरच्या तंत्रावर बनलेला होता, ६५० अठ्ठावीसच्या. नवा कमी वीज खायचा, कमी तापायचा. मे महिन्यातल्या दुपारी, खिशात, नेटवर्क शोधत बसलेल्या फोनाला वेगापेक्षा या गुणाची गरज जास्त. ६२५चं नाव पुढे झालं ते यासाठीच. तक्त्यात मात्र वेगाची ओळ होती, तापण्याची नव्हती.

आता ते चार हजार. प्रोसेसर एक, पडद्याचा दर्जा साधारण एक, दोन्हींचं अंग धातूचं. मग किमतीत एवढी तफावत कशी? बहुतेक तुलनांनी याचं उत्तर ‘रेडमी पैसा वसूल आहे’ असं दिलं आणि विषय संपवला. थोडा फरक खरोखरच वस्तूत होता: मोटोचा कॅमेरा अंधुक उजेडात निश्चित सरस होता. पण उरलेल्याचं उत्तर वर्षभराने शाओमीनेच दिलं. एप्रिल २०१८मध्ये संस्थापक लेई जून यांनी जाहीर केलं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा कंपनी कधीही ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. ऐकायला हे व्रत वाटतं. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली तेव्हा मांडलेल्या हिशेबात व्रताची दुसरी बाजू दिसत होती: जाहिराती, गेम आणि इतर इंटरनेट सेवा. एकूण उत्पन्नात त्यांचा वाटा लहान, पण नफ्याचं प्रमाण फोनांपेक्षा कितीतरी जास्त. फोन ही दुकानाची पायरी होती. गल्ला आत होता.

त्याच सुमारास कंपनीच्या एमआययूआय या प्रणालीतल्या तिच्याच काही ॲपमध्ये जाहिराती दिसू लागल्याची चर्चा झाली. हा आपल्या व्यवसायाचाच भाग आहे, असं कंपनीने उघडपणे मान्य केलं. त्यात फसवणूक नव्हती. जाहिरातीवर निम्मी किंमत वसूल करणारी वर्तमानपत्रं आपण पिढ्यान् पिढ्या घेत आलो आहोत. पण वर्तमानपत्राची समीक्षा करणारा जाहिरातींबद्दल एक वाक्य तरी लिहितो. फोनच्या तक्त्यात ‘किंमत’ या ओळीसमोर एकच आकडा होता, आणि तो पहिल्या हप्त्याचा होता. पुढचे हप्ते लक्ष देऊन फेडायचे होते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्यांना जाहिराती कुठून बंद करायच्या ते ठाऊक होतं त्यांना फोन खरोखर स्वस्त पडला. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना तो तितका स्वस्त पडला नाही. हा दुसरा गट बहुतेककरून वयस्क, आणि फोनवर नवखा.

मोटोच्या बाजूनेही हिशेब तपासायला हवा. त्याच्या चाहत्यांचं मुख्य म्हणणं असं की त्यात अँड्रॉइड जवळजवळ जसं गूगलने केलं तसंच आहे, त्यामुळे नव्या आवृत्त्या भराभर येतील. या वाक्यातलं ‘त्यामुळे’ कुणीच तपासलं नाही. अँड्रॉइड ८ ऑगस्ट २०१७मध्ये आलं. जी ५ प्लसला ते मिळायला त्यानंतर वर्षाहून जास्त काळ गेला, आणि मोठी आवृत्ती म्हणून तेच शेवटचं ठरलं. नोट ४ अँड्रॉइड ६वर आला आणि कंपनीकडून ७च्या पुढे गेला नाही. पण एमआययूआयच्या आवृत्त्या मात्र त्याला ११व्यापर्यंत मिळत राहिल्या. म्हणजे एका फोनाचा पाया थोडा नवा झाला आणि रंगरंगोटी तीच राहिली. दुसऱ्याची रंगरंगोटी दरवर्षी नवी झाली आणि पाया तसाच राहिला. तक्त्यात दोघांसमोर ‘अपडेट’ हा एकच शब्द होता.

गंमत म्हणजे दोन्ही फोनांना खरं दीर्घायुष्य दिलं ते कंपन्यांबाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी. त्यांच्या जगात नोट ४ला ‘मिडो’ आणि जी ५ प्लसला ‘पॉटर’ या आतल्या नावांनी ओळखलं जातं. कंपन्यांनी हात काढून घेतल्यावर त्यांनी या फोनांसाठी पुढच्या आवृत्त्या घडवल्या आणि फुकट वाटल्या. विरुद्ध म्हणून उभे केलेले हे दोन फोन तिथे शेजारी-शेजारी नांदत होते. कारण दोघांचं काळीज तेच होतं, स्नॅपड्रॅगन ६२५.

तक्त्याबाहेरचे प्रश्न कुठले असतात ते मला सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माझ्या मावशीने त्याच वर्षी दाखवलं. तिला रॅम, मेगापिक्सेल यांत रस नव्हता. तिने तीनच गोष्टी विचारल्या. “उन्हात अक्षर दिसतं का रे? स्टँडापाशी तो पोरगा मोबाइल दुरुस्त करतो, त्याच्याकडं याची काच मिळंल का? आणि मला मराठीत लिहिता येईल ना?” मी वाचलेल्या तुलनांपैकी पहिल्या प्रश्नाला काहींनी ओझरता स्पर्श केला होता, उरलेल्या दोघांना कुणीच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खपात दडलेलं असतं. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत दहा लाख नोट ४ विकल्याचं शाओमीने जाहीर केलं होतं. इतका खपलेला फोन तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याच्या हाताखालून रोज जातो, त्याचे सुटे भाग खोक्यात पडलेले असतात, उघडताना कुठली पट्टी तुटते हे त्याला पाठ असतं. मोटो चांगला असेलही, पण त्याची काच ‘मागवावी लागेल’. तालुक्याच्या गावी या शब्दाचा अर्थ किमान आठवडा. फोनची लोकप्रियता ही परीक्षक फॅशन समजतो. खेड्यात ती सेवा असते.

तिसरा प्रश्न तर आपलाच आहे. अँड्रॉइडला मराठी येऊ लागलं ते २०१४च्या पाचव्या आवृत्तीत. पण ‘मराठी चालतं’ एवढ्याने भागत नाही. माझी चाचणी सोपी आहे: ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही दोन वाक्यं नव्या फोनवर, फोनसोबत आलेल्या कीबोर्डने लिहून पाहायची. पहिल्यात विद्वान येतात, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘ऱ्या’ सापडायला किती वेळ लागला, ‘ॲ’ एका बोटात येतो का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. मराठीत फोनबद्दल लिहिणाऱ्याकडे इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा जास्त असं काही असेल तर ते हेच. तरीही ही दोन मिनिटं कुणी खर्च केलेली माझ्या वाचनात नाहीत.

२०१७पासून तक्त्यात एक चांगली भर पडली. २०२५च्या सॅमसंग गॅलेक्सी ए ३६ आणि ए ५६ या मधल्या पट्ट्यातल्या फोनांना सहा वर्षं अपडेट देण्याचं आश्वासन आहे, आणि आता ही ओळ तुलनांमध्ये ठळकपणे येते. फ्रान्सने २०२१पासून फोनवर दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुण छापायला लावला. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून आणलेल्या लेबलवर बॅटरी किती वेळा भरल्यावर थकेल, फोन किती पडझड सोसेल आणि दुरुस्तीला किती सोपा आहे हे लिहावं लागतं. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने अशा निर्देशांकासाठी २०२४मध्ये समिती नेमली. मावशीचा दुसरा प्रश्न कायद्याच्या भाषेत गेला तर असाच दिसेल. तरी आश्वासन हे आश्वासन असतं. ते पाळलं गेलं का ते सहा वर्षांनी कुणीतरी पाहावं लागतं, आणि तोवर परीक्षक पन्नास फोन पुढे गेलेला असतो.

मावशीसाठी मी नोट ४ सुचवला, आणि या पुनर्मूल्यांकनातही तो निर्णय टिकतो. फक्त तेव्हा छापली जाणारी कारणं त्यामागे नव्हती. मेगापिक्सेल किंवा ‘पैसा वसूल’ यासाठी तो योग्य नव्हता. बॅटरी दिवसभर पुरत होती, तो तापत नव्हता, आणि काच गावात बदलून मिळत होती. अट एकच: ज्याने फोन निवडून दिला त्याने तासभर बसून जाहिरातींची बटणंही बंद करून द्यायची आणि मराठी कीबोर्ड लावून द्यायचा. जिथे असं करणारं कुणी नसेल, फोन घेणारं माणूस एकटं असेल, तिथे मी जास्तीचे चार हजार देऊन मोटो घ्यायला सांगितलं असतं. म्हणजे या दोघांतली निवड शेवटी फोनकडे बघून करताच येत नव्हती. घेणाऱ्याच्या आसपास कोण आहे हे बघावं लागत होतं.

फोनवर लिहिणाऱ्यांकडून माझी मागणी साधी आहे. दर नव्या ‘विरुद्ध’सोबत तीन वर्षांपूर्वीची एक जोडी पुन्हा हातात घ्यावी. बॅटरी किती उरली, शेवटचं अपडेट कधी आलं, काच बदलायला तालुक्याला किती रुपये आणि किती दिवस लागतात, एवढंच लिहावं. ते वाचायला आज कुणी येणार नाही असं संपादक म्हणतील. नवा फोन घ्यायला निघालेला माणूस मात्र ते आधी वाचेल.