थाळनेर : तहाने घडवलेला बंडखोर
तापीकाठच्या थाळनेरला २७ फेब्रुवारी १८१८ रोजी शिबंदीची कत्तल झाली. सेनापती हिस्लॉपने किल्लेदाराला बंडखोर म्हणून फासावर चढवले. पण हे बंड कुणाविरुद्ध? महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारीला मंदसोर येथे अल्पवयीन मल्हारराव होळकरांच्या दरबाराने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख तहान्वये इंग्रजांना दिला. बावन्न दिवसांपूर्वी जी स्वामिनिष्ठा होती, ती त्या कलमाने गुन्हा ठरली. या फाशीवर ब्रिटिश संसदेतही आक्षेप घेतले गेले. थाळनेरकडे नुसती शौर्यकथा म्हणून पाहणे मला म्हणूनच अपुरे वाटते. खानदेशातली ही लढाई समजून घ्यायची, तर तटबंदीआधी तहाचा मसुदा वाचावा लागेल. मंदसोरच्या सहीची किंमत थाळनेरने मोजली.