जुन्या यंत्राचे भविष्य

विज्ञानकथेतील भविष्य म्हटले की आमच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर नवे कोरे यंत्रच येते. संकटात जुने यंत्र तारून नेईल, ही कल्पना मराठीत फारशी रुजलेली नाही. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीत तर उलटेच आहे. जमिनीखाली सापडलेल्या पेटीतून लुप्त संस्कृतीचे ज्ञान हाती येते, त्यातून यंत्रमानव घडतो आणि तोच घातक ठरू लागतो. जुने म्हणजे येथे धोका. २००३ च्या 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत मात्र शत्रू नवी जहाजे निकामी करतो. संग्रहालयाच्या वाटेवरचे जुने जहाज, त्याचे संगणक परस्परांना जोडलेलेच नसल्यामुळे, वाचते.

आम्हांला हे दुसरे चित्र अधिक पटते. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात भारतीय शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे घरगुती संगणक मिळाले. स्मृती ३२ केबी. बटण दाबताच बेसिक भाषा हजर. त्याचा सगळा कारभार एका शिक्षकाच्या डोक्यात मावण्याजोगा. पण अशा यंत्रावर विसंबणाऱ्या कथाकारांना आमचा एक प्रश्न आहे: तुमची माणसे लिहिणार कोणत्या लिपीत? या यंत्रावर नवे अक्षर घडवायचे तर ८ बाय ८ ठिपक्यांची चौकट. इंग्रजी अक्षर तीत आरामात बसते. 'क्ष' शिरोरेषेसह कोंबला की मात्रेला जागा उरत नाही. आणि उजवीकडून उतरत येणाऱ्या नस्तालीकचे तर नावच नको! म्हणजे प्रलयानंतर दिवा लागेल तो इंग्रजीचा.

हे केवळ कल्पनेतले दुखणे नव्हे. 'इनपेज'वर जुळवलेली उर्दू पाने आणि 'श्री-लिपी'तील मराठी पाने युनिकोडपूर्व काळातली. ती नव्या यंत्रात नेताना अक्षरे बिघडतात. घरात पडलेले जुने खोके भंगारवाल्याला देण्यापूर्वी लेखकाने दोनदा विचार करावा.

नारळीकर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. तेथून कफ परेडचे मच्छीमार नगर दूर नाही. जीपीएस आले तरी समुद्रावरच्या माणसांचा भरतीचा जुना हिशेब मोडलेला नाही: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा. चतुर्थीला तीन वाजता भरती. चांदरात पाहून तारीख मोजणाऱ्या आमच्या मोहल्ल्यालाही तो सहज समजतो. वीज नको, लिपीचीही अडचण नाही. संकटकाळाच्या मराठी कथेत हा हिशेब आमच्या तरी वाचनात अजून आलेला नाही.