टेक्स्ट बॉक्समधील '१.२०' : संगणक अध्यापनातील एका पाठाची चिकित्सा

प्रस्तावना :

डेस्कटॉप संगणकावरील आज्ञावलीची वापरकर्त्याशी गाठ पडते ती बहुधा टेक्स्ट बॉक्समध्ये. व्हिज्युअल बेसिक असो वा जावा स्विंग, टेक्स्ट बॉक्समधील मजकूर वाचण्याचा पाठ महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत आरंभीच येतो. प्रस्तुत लेखात या पाठाच्या रूढ मांडणीची चिकित्सा केली असून त्यासाठी बारामती व इंदापूर या ऊस पिकविणाऱ्या तालुक्यांतील जमिनीच्या नोंदीचे उदाहरण घेतले आहे.

रूढ पाठाचे स्वरूप :

दोन टेक्स्ट बॉक्स, एक बटण आणि दोन संख्यांची बेरीज हे या पाठाचे ठरीव उदाहरण होय. व्हिज्युअल बेसिकमध्ये २ व ३ लिहून दोन्ही बॉक्समधील मजकुरांमध्ये थेट अधिक चिन्ह वापरल्यास उत्तर ५ न येता २३ येते. कारण टेक्स्ट बॉक्स संख्या देत नाही, अक्षरे देतो. हा भेद विद्यार्थ्याच्या मनावर ठसतो, ही या उदाहरणाची जमेची बाजू मान्य केली पाहिजे. परंतु उपाय म्हणून 'व्हॅल' हे फंक्शन सांगितले जाते आणि पाठ तेथेच संपतो. 'व्हॅल' सुरुवातीचे अंक वाचते, न समजणारे अक्षर येताच थांबते आणि कोणतीही सूचना देत नाही. इंग्रजी अंकांत '१ एकर २० गुंठे' असे लिहिल्यास त्याचे मूल्य केवळ १ ठरते. उरलेला अर्धा एकर निमूटपणे गळतो.

'१.२०' चा अर्थ :

अडचण केवळ अशा मजकुरापुरती नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरील शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्यास ४० गुंठ्यांचा एकर घरातच ठाऊक असतो. 'एक वीस' म्हणजे एक एकर वीस गुंठे, अर्थात दीड एकर, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. १०० आरचा एक हेक्टर असल्याने तेथे '१.२०' हे दशांश वाचनाशी बरोबर जुळते. तेच अंक एकराच्या बॉक्समध्ये दशांश म्हणून वाचले, तर ६० गुंठ्यांचे ४८ गुंठे होतात. आज्ञावली अडखळत नाही, बेरीजही अचूक येते. तरीही बारा गुंठे नाहीसे होतात. ऊसनोंद असो वा पीककर्ज, दोन्हींचा हिशेब क्षेत्रावर चालतो. त्यामुळे ही चूक अखेर शेतकऱ्याच्या पदरी पडते.

लिपीचा प्रश्न :

जावामध्ये देवनागरी अंकांत लिहिलेली पूर्णांक संख्या 'पार्सइंट' स्वीकारते. तेच अंक दशांश चिन्हासह 'पार्सडबल'कडे दिले असता त्रुटी उद्भवते. रिकाम्या बॉक्सचीही गत तीच होते. प्रात्यक्षिक पूर्ण करण्याच्या घाईत विद्यार्थी ही त्रुटी पकडतो आणि तिच्या जागी शून्य ठेवतो. 'माहिती दिली नाही' आणि 'जमीन नाही' ही दोन भिन्न विधाने आहेत. आज्ञावली त्यांना एकच करून टाकते.

निष्कर्ष :

पहिल्या सत्रातील विद्यार्थ्यावर इतका भार का टाकावा, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. बेरजेचे उदाहरण पहिल्या तासाला असावे. मात्र दुसऱ्या तासाला त्याच विद्यार्थ्यासमोर '१.२०' ठेवावे. एकर व गुंठे यांसाठी दोन स्वतंत्र बॉक्स असावेत, गुंठ्यांची संख्या ४० पेक्षा कमी आहे का हे तपासावे, रिकामी जागा शून्य मानू नये आणि 'एक एकर वीस गुंठे' असे शब्दांत दाखवून वापरकर्त्याची संमती घ्यावी. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही. टेक्स्ट बॉक्समध्ये येते ते कोणाचे तरी म्हणणे असते. ते समजून घेतल्यावाचून त्याची संख्या करणे म्हणजे वाचन नव्हे, ही जाणीव अध्यापनात यावी, इतकीच अपेक्षा आहे.