ज्ञानेश्वरीतील निरीश्वरवाद्याचा पूर्वपक्ष

खंडनापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच बाजूने मांडावे, असा भारतीय वादपरंपरेचा दंडक आहे. चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभ म्हणूनच चार्वाकमताने होतो. ईश्वरनिष्ठ मराठी ग्रंथाने हा दंडक कितपत पाळला, हे तपासण्यास ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाइतके उपयुक्त स्थळ क्वचितच सापडेल. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या कर्त्याची समाधी आळंदीस, म्हणजे पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक परिसरांच्या मधोमध आहे. या पट्ट्यात हा ग्रंथ आजही घरोघर वाचला जातो. त्यामुळे त्यातील नास्तिकाचे चित्र कसे आहे, हा प्रश्न केवळ पंडितांपुरता उरत नाही.

आसुरी प्रकृतीची माणसे जग निरीश्वर व कामजन्य मानतात, एवढेच गीतेचा आठवा श्लोक सांगतो. ज्ञानेश्वर त्या विधानाला युक्तिवादाचे रूप देतात. चोरीचे धन कोणाला विषासारखे बाधले काय? बलवानाने दुर्बळाला खाणे हे पाप असेल, तर मासे निर्वंश का होत नाहीत? कुळे आणि मुहूर्त पाहून केलेला विवाह संततीसाठी असेल, तर पशुपक्ष्यांचे विवाह कोणी लावले? स्वर्गातील इंद्र जसा सुखी, तसाच नरकातील कृमीही आपल्या जागी संतुष्ट नाही काय? या युक्तिवादाचा कणा ‘जरी–तरी’ची संकेतार्थी रचना आणि प्रश्नार्थक वाक्य हा आहे. प्रतिपक्षी येथे दुरुत्तरे करीत नाही. तो अनुभवाकडे बोट दाखवून पुरावा मागतो. ही मांडणी कोणत्याही निरीश्वरवाद्याने आपली म्हणून स्वीकारावी इतकी समर्थ आहे.

परंतु या प्रश्नांना त्या प्रकरणात उत्तर मिळत नाही. पुढील श्लोकांच्या अनुरोधाने प्रश्नकर्त्याचा दुराचार व अधोगती यांचे वर्णन येते; म्हणजे मताचे खंडन न होता मत धारण करणाऱ्याच्या शीलाचा निवाडा होतो. ही चौकट मूळ श्लोकांचीच असून भाष्यकारास तिचे बंधन होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि तर्काने खंडन करण्याचे सामर्थ्य ज्ञानेश्वरांस नव्हते, असेही म्हणता येत नाही. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञानवादाचे खंडन त्यांनी युक्तीमागून युक्ती देऊनच केले आहे.

अनीश्वरवादातून दुराचार अपरिहार्यपणे उद्भवतो, हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) अज्ञेयवादी होते. १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र काढून त्यांनी विवेकाधिष्ठित नीतीचा पुरस्कार केला, आणि पुण्यातील विरोधकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. या प्रसंगात संयम कोणत्या पक्षाकडे होता, हे सांगावयास नको.

तेव्हा अशा ग्रंथांचे वाचन करताना दोन कसोट्या पृथक् ठेवणे अगत्याचे आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण बळाने मांडले आहे काय, ही पहिली; आणि उत्तर म्हणण्याला दिले आहे की म्हणणाऱ्याला, ही दुसरी. पहिल्या कसोटीवर हा अध्याय मराठीत आदर्श ठरेल. दुसऱ्या कसोटीवर तो उणा पडतो. ग्रंथाविषयीचा आदर ही उणीव झाकण्याचे कारण होऊ नये. त्याचप्रमाणे या उणिवेमुळे पूर्वपक्षाच्या मांडणीतील प्रामाणिकपणाकडेही दुर्लक्ष होऊ नये.