झाकलेला कोंबडा : एका विद्यार्थी-लघुपटाच्या निमित्ताने

कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. या म्हणीला नेमके उलटे करून पाहणारा सोळा मिनिटांचा एक कन्नड लघुपट नुकताच आमच्या पाहण्यात आला. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना चिदानंद एस. नाईक यांनी तो निर्माण केला. त्याचे नाव 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो', म्हणजे सूर्यफुलांना ते सर्वांआधी कळले. एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि गावात दिवसच उगवेनासा होतो. कोंबडा परत यावा म्हणून भविष्यवाणीचा आश्रय घेतला जातो आणि म्हातारीच्या कुटुंबाच्या वाट्याला हद्दपारी येते.

फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात चित्रपट-विद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कृतींसाठी 1998 पासून एक स्वतंत्र विभाग चालतो. आज तो 'ला सिनेफ' या नावाने ओळखला जातो. 2024 साली जगभरातून आलेल्या 2263 कृतींमधून केवळ 18 निवडल्या गेल्या आणि त्यांत पहिले पारितोषिक या लघुपटास मिळाले. 2020 साली याच संस्थेच्या अश्मिता गुहा नियोगी यांच्या 'कॅटडॉग'लाही हा मान लाभला होता. पायल कपाडिया यांचा 'आफ्टरनून क्लाउड्स' हा विद्यार्थिदशेतील लघुपट 2017 साली याच विभागात होता. एक विधवा आणि तिची मोलकरीण एवढाच त्याचा संसार. पुढे 2024 साली त्यांच्याच 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' या चित्रपटाने कानमध्ये ग्राँ प्री पटकावला. नवख्या हातांना मोठ्या अंगणात उभे करण्याचे हे कार्य स्वागतार्ह होय.

नाईक यांच्या लघुपटाचा मोठा गुण म्हणजे त्यांनी लोककथेला हसण्यावारी नेलेले नाही. कोंबड्यावाचून सूर्य कसा अडेल, असा प्रश्न शहाणा माणूस विचारील. लोककथा तो विचारीत नाही, म्हणूनच ती खोल उतरते. सारी कथा रात्रीच्या कुशीत घडते. अंधार येथे नुसती पार्श्वभूमी नाही, तर तो गावावर आलेला प्रसंगच आहे. उणीवही सांगितली पाहिजे. रात्रीच्या देखणेपणाचा मोह दिग्दर्शकाला क्वचित आवरत नाही आणि एकीच्या अपराधासाठी साऱ्या घराने वनवास भोगावा, या अन्यायापाशी आपण थांबावे तेवढे थांबत नाही. तथापि तात्पर्य सांगण्याचा मोह त्यांनी टाळला, हे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते.

येथे प्रभू येशूच्या दाखल्यांचे स्मरण होते. तेही असेच आखूड असतात. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ अखेर घरात गेला की अंगणातच रुसून राहिला, हे लूक सांगत नाही. दयाळू शोमरोन्याची कथा एका प्रश्नापाशी येऊन थांबते आणि उत्तर ऐकणाऱ्यालाच द्यावे लागते. दाखला श्रोत्याच्या हाती बोधाची पुडी देत नाही. तो श्रोत्यालाच कथेत ओढतो. चांगल्या लघुपटाचे कार्य याहून वेगळे नाही.

ख्रिस्तसभेनेही या माध्यमाविषयी दीर्घ विचार केला आहे. पोप अकरावे पायस यांच्या 1936 च्या परिपत्रकात सावधगिरीचा सूर प्रबळ होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली समाजसंपर्काच्या साधनांचे आपुलकीने स्वागत केले. कान येथे 1974 पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परीक्षकांचे संयुक्त मंडळ पारितोषिक देत आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांत आपण अजूनही प्रत्येक कलाकृतीला एकच प्रश्न विचारतो : "यात संदेश कोणता?"

हा दोष आम्ही इतरांच्या माथी मारीत नाही. काही वर्षांपूर्वी युवकांच्या एका लघुपट स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. एका मुलाने सहा मिनिटांचा लघुपट आणला होता. वाडीतले बावखल मातीने भरले जात आहे, डंपर येतात आणि रिते होऊन जातात, काठावर त्याचे आजोबा उभे आहेत. संवाद एकही नाही. शेवटी आजोबा पायांतल्या चपला हातात घेतात आणि घराकडे वळतात. आम्ही त्यास विचारले, "बाळ, संदेश कोणता?" तो म्हणाला, "फादर, मला फक्त दाखवायचे होते." पारितोषिक आम्ही व्यसनमुक्तीवरील एका लघुपटास दिले. त्याच्या अखेरीस शास्त्रवचन होते आणि पडद्यावर एक धर्मगुरूही होता.

वस्तुतः त्या मुलाचा लघुपट आम्हांस समजला नव्हता असे नाही. तो नको इतका समजला होता. ती जमीन कोणी विकली, हे सभागृहात बसलेल्या प्रत्येकास ठाऊक होते. पुढल्या रांगांत अनेक विक्रेते बसले होते. त्यांच्या देणग्यांवर आमचे सभागृह उभे होते. संदेश नाही, ही आमची सबब होती. कोंबडा आम्ही झाकला होता.

नाईक यांचा लघुपट पाहिल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याची कृती पुन्हा पाहावयास मागितली. ज्या फोनवर ती होती तो बिघडला, प्रत काढून ठेवली नव्हती, असे त्याने सांगितले. त्याने आम्हांला चहा दिला. नंतर त्याने काही चित्रित केले का, असे विचारता तो नुसता हसला. आजोबा आता हयात नाहीत.

कानचे परीक्षक आपल्या वाडीत येणार नाहीत. येथले परीक्षक आपणच आहोत. आपल्या घरातले एखादे लेकरू फोन उचलून आजीचे हात, बंद पडलेला रहाट किंवा विकलेले शेत टिपू लागले, तर त्यास लगेच बोध विचारू नये. शेजाऱ्यांना बोलवावे, दिवे मालवावे आणि सहा मिनिटे गप्प बसून पाहावे. पेत्राला त्याच्या नाकारण्याची आठवण कोंबड्यानेच करून दिली होती, आणि बाहेर जाऊन तो रडला, असे शुभवर्तमान सांगते. तो आरव आपल्या कानी पडू देण्यात आपलेच कल्याण आहे.